पैसे अडकले, पण नेमके कुठे?

१२ एप्रिल २०२५. शनिवार, त्यात हनुमान जयंती, आणि महिन्यातला दुसरा शनिवार म्हणून बँकाही बंद. त्या दिवशी दुपारी बाराच्या आसपास देशभरात स्कॅन करून पैसे देणाऱ्यांची पंचाईत झाली. रुईच्या पानांची माळ असो, किलोभर टोमॅटो असोत की रिक्षाचं भाडं असो, कोड स्कॅन व्हायचा, पिन टाकला जायचा आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं. नवीन पनवेलसारख्या वसाहतीत सकाळच्या कटिंगपासून रात्रीच्या पाणीपुरीपर्यंत सगळं स्कॅनवर चालतं. तिथे अशा वेळचा संवाद ठरलेला असतो. ‘दादा, माझ्याकडून गेले बघा.’ ‘ताई, माझ्याकडे नाही आले अजून.’ मग दोघंही आपापल्या फोनकडे असं बघतात, जणू फोनच काहीतरी लपवतोय.

गंमत अशी, की या दोघांना जे दिसतं त्यात बिघाड कुठेच नसतो. रेंज पूर्ण आहे. ॲप उघडतंय. वीज आहे. बँकेचे मेसेज येताहेत. मग बंद काय आहे? आणि ज्यांनी ही यंत्रणा उभी केली, त्या इंजिनिअरांना तरी ते दिसतं का?

दिसतं, पण आपोआप दिसत नाही. ते दिसावं म्हणून यंत्रणेत आधीपासून सोय करून ठेवावी लागते. ती सोय कशी असते आणि ती असूनही कधी कधी डोळ्यांसमोरची गोष्ट कशी सुटते, हे समजून घ्यायला तो शनिवार चांगला उपयोगी पडतो.

एका स्कॅनमागचे हात

स्कॅन केलेले पैसे ज्या मार्गाने जातात ते यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालं. ते चालवते ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ म्हणजे एनपीसीआय. आपल्याला वाटतं, फोनमधलं ॲप आपल्या खात्यातून पैसे उचलून दुकानदाराच्या खात्यात टाकतं. पण ॲप स्वतः बँक नसतं. ते एखाद्या बँकेमार्फत आपला निरोप एनपीसीआयकडे पोचवतं. एनपीसीआय आधी तो कोड कोणाच्या खात्याचा आहे ते दुसऱ्या बाजूला विचारून घेते. मग आपल्या बँकेला सांगते, ‘यांच्या खात्यातून एवढे वजा करा.’ आपली बँक पिन आणि शिल्लक तपासून होकार कळवते. त्यानंतर दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगितलं जातं. तिची पोच आली, की उत्तर दोन्ही फोनांकडे परत निघतं.

एवढे सगळे हात दोन-तीन सेकंदांत लागतात. शिवाय प्रत्येक बँकेच्या आत पुन्हा छोटे-छोटे प्रोग्रॅम असतात: पिन तपासणारा वेगळा, शिल्लक बघणारा वेगळा, एसएमएस पाठवणारा वेगळा. पूर्वी एकच मोठा प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालायचा. बिघडला तर इंजिनिअर त्या यंत्रासमोर जाऊन बसायचा. आता बसायचं कुठे, हाच पहिला प्रश्न असतो.

इथे एक साधा गुणाकार करून बघू. साखळीतले पाच दुवे धरा आणि प्रत्येक दुवा हजारात ९९९ वेळा बिनचूक चालतो असं माना. पाचही दुवे एकाच वेळी नीट चालण्याची शक्यता मात्र ९९.५ टक्क्यांवर येते. मार्च २०२५ मध्ये यूपीआयवर सुमारे १८३० कोटी व्यवहार झाले, म्हणजे रोजचे सरासरी ५९ कोटी. त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास ३० लाख. हे आकडे प्रत्यक्ष अपयशाचे नाहीत, फक्त गणित आहे. पण प्रत्येक दुव्यावरचा माणूस ‘माझ्याकडे सगळं ठीक आहे’ असं खरोखर प्रामाणिकपणे म्हणत असताना एवढे लोक ताटकळू शकतात, एवढं त्यातून कळतं.

सगळे दिवे चालू, काम बंद

हे सगळे प्रोग्रॅम ज्या इमारतींत चालतात ती डेटा सेंटर ही चीज पनवेलकरांना नवी नाही. हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचं ‘एनएम वन’ हे केंद्र जुलै २०२०मध्ये सुरू झालं. त्यात ७,२०० रॅक मावतात. रॅक म्हणजे सर्व्हर रचून ठेवायचं माणसाएवढं उंच कपाट. हे केंद्र टियर-फोर दर्जाचं आहे. त्याचा अर्थ, वीज आणि थंडावा पुरवणारा कुठलाही एक भाग बंद पडला तरी दुसऱ्या वाटेने पुरवठा चालू राहतो आणि सर्व्हरना पत्ताही लागत नाही.

ही तजवीज किती मोलाची असते ते आपण १२ ऑक्टोबर २०२० रोजी पाहिलं. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांच्या बिघाडातून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तो बिघाड सगळ्यांना दिसला. पंखा थांबला, गाडी थांबली, संशयाला जागा नव्हती.

सॉफ्टवेअरचा बिघाड असा दिसत नाही. इमारतीत वीज आहे, थंडावा आहे, प्रत्येक सर्व्हरचा हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि तरीही तुमचे चाळीस रुपये अधांतरी आहेत. इमारत चालू आहे का, यंत्र चालू आहे का आणि काम होतंय का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवणं तुलनेने सोपं असतं. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या भिंतींवर त्याच उत्तरांचे रंगीत पडदे लावलेले असतात. (असे भिंतभर पडदे मुख्यतः भेटीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी असतात, असं माझं मत आहे. अडचणीच्या वेळी कोणी तिकडे बघत नाही, सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले असतात.)

हंगेरीत जन्मलेले अभियंते रुडॉल्फ काल्मान यांनी १९६०मध्ये नियंत्रणशास्त्रात एक विचार मांडला: एखाद्या यंत्रणेतून बाहेर येणाऱ्या खुणांवरून तिच्या आतली पूर्ण स्थिती ओळखता येते का? येत असेल तर ती यंत्रणा ‘ऑब्झर्व्हेबल’. सॉफ्टवेअरवाल्यांनी ‘ऑब्झर्व्हेबिलिटी’ ही कल्पना तिथूनच उचलली. मॉनिटरिंग ही त्याआधीची पायरी. त्यात कोणते प्रश्न विचारायचे ते आधीच ठरलेलं असतं: यंत्र किती तापलं, डिस्क किती भरली, मिनिटाला किती व्यवहार झाले. ऑब्झर्व्हेबिलिटीत काल कोणाच्या मनातही नव्हता असा प्रश्न आज विचारता यावा आणि त्यासाठी नवा प्रोग्रॅम न लिहिता उत्तर मिळावं, अशी अपेक्षा असते.

लोकल उशिरा का आली?

यंत्रणेतून बाहेर येणाऱ्या या खुणा तीन प्रकारच्या असतात. त्या समजायला पनवेल लोकल सोयीची आहे.

सीएसएमटीहून सुटलेली गाडी पनवेलला दहा मिनिटं उशिरा पोचली. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला एकच आकडा कळतो, ‘दहा मिनिटं.’ आज दिवसभरात किती गाड्या आल्या, त्यांतल्या किती उशिरा, सरासरी उशीर किती, हे सगळे आकडेच. यांना म्हणतात मेट्रिक. ते साठवायला स्वस्त, आलेख काढायला सोपे. काहीतरी बिनसलंय हे त्यांच्यावरून लगेच कळतं. का बिनसलं, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

गार्डच्या नोंदवहीत त्या गाडीचा तपशील असतो: अमुक वाजता सिग्नल लाल, तमुक वाजता कोणीतरी साखळी ओढली. हा लॉग. प्रत्येक प्रोग्रॅमही असाच वेळेसकट ओळीमागून ओळ लिहीत असतो: ‘११:४२:०७ बँकेला निरोप धाडला. ११:४२:३७ उत्तर नाही, वाट पाहणं थांबवलं.’ लॉगमध्ये कारण सापडतं. पण एका सेकंदाला हजारो ओळी पडतात, आणि त्यातली आपली ओळ कोणती हे कळायला काही खूण नसेल तर उपयोग शून्य.

तिसरी गोष्ट जरा वेगळी. त्या एकाच गाडीची प्रत्येक स्टेशनवर येण्या-सुटण्याची वेळ एका कागदावर ओळीने मांडली तर? कुर्ल्याला वेळेत. मानखुर्दला वेळेत. वाशीला नऊ मिनिटं उशीर. मग नेरूळ, बेलापूर, खारघर, खांदेश्वर सगळीकडे तोच उशीर पुढे सरकत आलेला. म्हणजे दोष ना पनवेलचा, ना खांदेश्वरचा, मानखुर्द ते वाशी या टप्प्यात काहीतरी झालं. एकाच गाडीचा आरंभापासून शेवटापर्यंतचा हा माग म्हणजे ट्रेस.

ट्रेसमागची युक्ती साधी आहे. व्यवहार सुरू होतानाच त्याला एक क्रमांक चिकटवायचा, आणि ज्या-ज्या प्रोग्रॅमच्या हातून तो जाईल त्याने तोच क्रमांक पुढे द्यायचा आणि आपल्या नोंदीतही लिहायचा. नंतर तो क्रमांक शोधला, की विखुरलेल्या नोंदी आपोआप ओळीने लागतात. वाटेत एकाने जरी क्रमांक पुढे दिला नाही, तरी माग तिथेच तुटतो. गुगलने ‘डॅपर’ या आपल्या यंत्रणेवर २०१०मध्ये लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही पद्धत सर्वत्र पसरली. २०१९मध्ये ‘ओपनटेलिमेट्री’ हा खुला प्रकल्प सुरू झाला, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम क्रमांक एकाच पद्धतीने पुढे देऊ लागले. आकडे गोळा करणारं ‘प्रोमिथियस’ आणि आलेख दाखवणारं ‘ग्राफाना’ ही नावं कुठल्याही आयटीवाल्या भाच्याकडून ऐकायला मिळतील. दोन्ही फुकट वापरता येतात.

आपल्या प्रत्येक यूपीआय व्यवहारालाही १२ अंकी क्रमांक असतो. काही ॲपमध्ये तो यूटीआर म्हणून दिसतो. बँकेत तक्रार घेऊन गेलात आणि नुसतं ‘शनिवारी दुपारी दोनशे रुपये अडकले’ म्हणालात, तर समोरच्याला गवताच्या गंजीत हात घालावा लागतो. तो क्रमांक दिलात, की काम पुष्कळ सोपं होतं.

सरासरीने झाकलेले पाच जण

डॅशबोर्डवरचा, म्हणजे हे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावरचा, सर्वांत फसवा आकडा म्हणजे सरासरी. शंभर व्यवहार झाले. ९५ जणांचं काम एका सेकंदात उरकलं, पाच जण ३० सेकंद ताटकळले. सरासरी? २.४५ सेकंद. पडद्यावर हा आकडा बघून कोणीही म्हणेल, थोडं संथ आहे, पण चाललंय. प्रत्यक्षात अडीच सेकंद एकालाही लागले नाहीत. ९५ जण खूष आहेत आणि पाच जण दुकानदाराशी हुज्जत घालताहेत.

म्हणून जाणते लोक वेळा चढत्या क्रमाने लावून टोकाकडे बघतात. शंभरातल्या नव्व्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला? इथे उत्तर ३० सेकंद. याला नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल म्हणतात. सरासरी वीस टक्क्यांनी वाढली तरी मी फारसा घाबरणार नाही, पण हा आकडा दुप्पट झाला तर जेवण अर्धवट सोडून उठावं.

दुसरा गोंधळ अपयशाच्या मोजणीत असतो. एखाद्याने पिन चुकवला, खात्यात पैसेच नाहीत, तरी व्यवहार फसतो. पण त्यात यंत्रणेचा दोष काय? म्हणून एनपीसीआय दर महिन्याला बँकवार आकडे प्रसिद्ध करते तेव्हा दोन खाती वेगळी ठेवते: ‘बिझनेस डिक्लाइन’, म्हणजे ग्राहकाच्या बाजूने किंवा नियमामुळे नाकारलेले, आणि ‘टेक्निकल डिक्लाइन’, म्हणजे बँकेची किंवा एनपीसीआयची यंत्रणा उत्तर देऊ न शकल्यामुळे फसलेले. दोन्ही एकत्र केले असते तर महिनाअखेरीस लोकांच्या खात्यांत खडखडाट झाला, की यंत्रणाच बिघडली असं दिसलं असतं.

रांग अचानक का फुगते?

आता थोडं त्या शनिवाराच्या जवळ जाऊ. एक यंत्र एक निरोप दहा मिलिसेकंदांत हातावेगळा करतं, म्हणजे सेकंदाला शंभर. त्याच्याकडे सेकंदाला नव्वद निरोप येत असतील तर दहा टक्के वेळ ते रिकामं राहील, मग रांग कशाला लागेल?

लागते, कारण निरोप मोजूनमापून येत नाहीत. एका क्षणी पाच एकदम आदळतात, पुढच्या क्षणी एकही नाही. त्या रिकाम्या क्षणात यंत्र बसून राहतं आणि तो वेळ साठवून ठेवता येत नाही. रांगशास्त्रातलं सर्वांत साधं सूत्र सांगतं, की यंत्र निम्मा वेळ गुंतलेलं असेल तर एका निरोपाला वाट पाहण्यासकट सरासरी २० मिलिसेकंद लागतात. ८० टक्के गुंतलेलं असेल तर ५०, ९० टक्क्यांवर १००, आणि ९९ टक्क्यांवर तब्बल १,०००, म्हणजे पूर्ण एक सेकंद. भार ५० वरून ८० झाला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. ९० वरून ९९ झाला, म्हणजे फक्त एक दशांशाने वाढला, आणि वेळ दहापट झाला.

या सूत्रामुळेच बिघाड हळूहळू न येता कोसळल्यासारखा येतो. काल चाललेलं आज का चालत नाही, असं साहेब लोक विचारतात. काल ते नव्वदवर चाललं होतं, हे त्याचं उत्तर. म्हणून यंत्र किती भरलंय हा आकडा डॅशबोर्डवर हवाच, आणि धोक्याची रेघ शंभरवर न मारता सत्तर-पंचाहत्तरवर मारायला हवी.

[चौकट] पडद्यावर आधी काय बघायचं?

गुगलच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार खुणा सुचवल्या आहेत. आजही बहुतेक संघ त्यांच्यापासूनच सुरुवात करतात. वेळ: उत्तर यायला किती लागतो, आणि फसलेल्यांचा वेळ वेगळा मोजला आहे ना? कारण ‘नाही’ हे उत्तर कधी कधी फार झटकन येतं आणि सरासरी उगाच सुधारते. वर्दळ: सेकंदाला किती मागण्या येताहेत. चुका: किती फसल्या. भरलेपण: यंत्रात अजून किती जागा शिल्लक आहे. पनवेलच्या एखाद्या छोट्या कंपनीला सुरुवातीला एवढं पुरेसं आहे. चाळीस आलेखांचा डॅशबोर्ड लावला, की त्यातल्या छत्तीसांकडे कोणी बघत नाही.

‘झालं का?’ विचारणाऱ्यांची गर्दी

यूपीआयमध्ये ‘चेक ट्रान्झॅक्शन’ नावाचा एक निरोप असतो. एखाद्या व्यवहाराचं उत्तर आलं नाही, तर बँक किंवा ॲप त्यातून विचारतं, ‘त्याचं काय झालं?’ मोठी उपयुक्त सोय. पैसे वजा झालेत पण जमा झालेत की नाही माहीत नाही, अशा त्रिशंकू अवस्थेतून सुटायचा मार्गच तो.

१२ एप्रिलच्या बिघाडाबाबत एनपीसीआयने जे कारण सांगितलं ते हेच: काही बँकांकडून या चौकशीच्या निरोपांचा पूर आला होता. काही चौकशा तर जुन्या व्यवहारांच्या होत्या, आणि त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. पैसे पाठवायच्या निरोपांनी यंत्रणा दमली नव्हती. पैसे पोचले का, असं विचारणाऱ्यांनी तिला दमवलं.

मागच्या सूत्रासोबत हे वाचलं तर चक्र लक्षात येईल. उत्तरं थोडी रेंगाळतात. रेंगाळली म्हणून चौकशा वाढतात. चौकशांमुळे भार वाढतो, उत्तरं आणखी रेंगाळतात. समजा हजार व्यवहार अडकले आणि प्रत्येकासाठी दर पाच सेकंदांनी विचारणा झाली, तर दीड मिनिटात १८,००० निरोप. त्यातून नवा पैसा एक रुपयाही सरकत नाही. शिवाय आपण माणसंही त्यात भर घालतो. चक्र फिरताना दिसलं, की मागे जाऊन पुन्हा स्कॅन, मग दुसऱ्या ॲपवरून स्कॅन, मग शिल्लक तपासणं. मूळ कारण मिटलं तरी साचलेली गर्दी ओसरेपर्यंत यंत्रणा दबलेलीच राहते. त्या दिवशी हा त्रास सुमारे पाच तास चालला.

अशा वेळी डॅशबोर्डवर काय दिसेल, याचा विचार करण्यासारखा आहे. एनपीसीआयच्या पडद्यावर काय होतं ते सांगण्याचा माझा दावा नाही. पण ‘एकूण निरोप’ असा एकच आलेख असलेला कोणताही पडदा अशा प्रसंगी दिशाभूल करेल. आलेख वर जाताना दिसेल, आणि सणाचा दिवस, खरेदीची गर्दी, असं सहज वाटेल. तोच आलेख निरोपाच्या प्रकारानुसार फोडला तर पैसे पाठवणारी रेघ खाली आणि चौकशीची रेघ वर जाताना दिसेल. बँकेनुसार फोडला तर पूर कुठून येतोय तेही कळेल. तिसऱ्यांदा व्यवहाराच्या वयानुसार फोडला, म्हणजे चौकशी आजच्या व्यवहाराची की जुन्या, तर कोणी जुन्या याद्या उगाळत बसलंय हेही उघड होईल.

हा तिसरा प्रश्न आधी कोणाला सुचला असता? आलेख तयार करणाऱ्याला बहुधा नाहीच. म्हणूनच प्रत्येक नोंदीसोबत तिचे तपशील जपून ठेवावे लागतात, म्हणजे ऐन वेळी हवी तशी फोड करता येते.

तपशिलाचा खर्च

मग सगळंच जपून ठेवावं, असं कोणी म्हणेल. हिशेब करा. यूपीआयवर साडेसहाशेहून अधिक बँका आहेत. निरोपांचे दहा प्रकार धरा, अपयशाची वीस कारणं धरा. एकाच आलेखाच्या सुमारे १,३०,००० निरनिराळ्या रेघा झाल्या, आणि त्यात अजून शहर, ॲप, फोनचा प्रकार धरलेलाच नाही. प्रत्येक तपशील आधीच्या संख्येला गुणतो. निरीक्षणाचं बिल मूळ यंत्रणेच्या बिलाच्या मागे धावू लागलं, की हिशेब खात्यातून विचारणा येते.

त्यामुळे नमुना घेतात. डॅपरच्या पहिल्या आवृत्तीत गुगल १,०२४ मागण्यांपैकी साधारण एकीचाच पूर्ण माग ठेवत असे, आणि प्रचंड वर्दळ असल्याने तेवढ्यानेही चित्र उभं राहायचं. पण दिवसाला पाचशे ऑर्डर येणाऱ्या दुकानाने हा नियम लावला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. तिथे वेगळी पद्धत बरी: व्यवहार संपेपर्यंत थांबायचं, फसलेले आणि रेंगाळलेले सगळे ठेवायचे, नीट झालेल्यांपैकी थोडेच.

काही गोष्टी मात्र मुळीच ठेवू नयेत. यूपीआयचा पिन फोनमध्येच सांकेतिक रूपात बदलून पुढे जातो, त्यामुळे तो उघड स्वरूपात कुठल्या नोंदीत यायचा प्रश्न येत नाही. पण पूर्ण मोबाइल नंबर, पत्ता, आधार क्रमांक लॉगमध्ये सर्रास पडलेले आढळतात, कारण ओळ लिहिणाऱ्याला तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं. लॉग वाचणारे हात बरेच असतात, याचा विसर पडतो.

रात्री अडीचचा फोन

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी मंडळी ठाणे-पनवेल लोकलने रात्री नवीन पनवेलला परततात. त्यातल्या काहींची आठवडाभर ‘ऑन कॉल’ पाळी असते. म्हणजे झोपायचं घरीच, पण फोन उशाशी आणि लॅपटॉप चार्जिंगला. पडद्याकडे चोवीस तास कोण बघणार? ते काम अलर्ट करतो. आकडा ठरलेल्या रेघेपलीकडे गेला, की फोन वाजतो.

या रेघा बेफिकिरीने मारल्या की हाल होतात. सर्व्हरचा प्रोसेसर ८० टक्क्यांवर गेला म्हणून रात्री अडीचला फोन. माणूस धडपडत उठतो, बघतो तर रोजचा बॅकअप चाललाय, ग्राहकाला काही त्रास नाही. असं चार रात्री झालं, की पाचव्या रात्री तो झोपेतच फोन गप्प करतो, आणि नेमका तेव्हाच तो खरा असतो. माझ्या मते ऑन कॉल माणसाला उठवायचा एकच निकष हवा, तो म्हणजे ग्राहकाचं काम अडलंय का. बाकी सगळं सकाळी चहाबरोबर बघता येतं.

किती अडलं तर उठायचं, यालाही गणित आहे. संघाने ‘आम्ही ९९.९ टक्के वेळ चालू राहू’ असं ठरवलं, तर ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहायची मुभा मिळते. ९९.९९ ठरवलं तर जेमतेम चार मिनिटं. चार मिनिटांत गाढ झोपलेला माणूस उठून चष्माही शोधू शकत नाही. म्हणजे हा दुसरा आकडा जाहिरातीत छापायचा असेल, तर दुरुस्ती माणसावर सोडून चालणार नाही, यंत्रणेनेच स्वतःला सावरलं पाहिजे.

विचारण्याआधीच उत्तर

एप्रिलनंतर एनपीसीआयने जे बदल केले ते याच दिशेचे आहेत. चौकशीचा पहिला निरोप व्यवहारानंतर ९० सेकंद उलटल्याशिवाय धाडायचा नाही, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदाच विचारायचं, असं बँकांना बजावलं गेलं. १६ जून २०२५ पासून चौकशीला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आली. मुदत कमी झाल्याचा फायदा वेगाइतकाच जागेचाही असतो. उत्तराची वाट पाहणारा प्रत्येक निरोप यंत्रात एक जागा अडवून बसतो. तो तीसऐवजी दहा सेकंदांत निकालात निघाला, तर अडकलेल्या निरोपांनी अडवलेली जागा एक तृतीयांशावर येते.

१ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासता येते. त्यावर ‘पन्नास वेळा कोण बघतं?’ असे विनोद झाले. पण ॲप आपल्या नकळत पडद्यामागून करत असलेल्या चौकशाही असतात, आणि साडेसहाशे बँकांच्या ग्राहकांचा गुणाकार केला की त्यातल्या छोट्या सवयीही मोठ्या होतात. ठरावीक तारखेला आपोआप कापले जाणारे हप्तेही गर्दीच्या वेळा टाळून घ्यायला सांगण्यात आलं.

ही मर्यादा घालणाऱ्या परिपत्रकात आणखी एक सूचना होती, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. प्रत्येक यशस्वी व्यवहारानंतर खात्यात किती शिल्लक उरली ते बँकेने त्याच निरोपात कळवावं, म्हणजे ग्राहकाला पुन्हा विचारावंच लागणार नाही.